विश्वास नाही का?

४ मार्च

टिचके,

आधी भांडण, मग खुशाली.

तुमच्या कंपनीच्या त्या लिहायच्या प्रोग्रॅमने काल आमच्या घरात जो घोळ घातला, त्याचा जाब मी तुलाच विचारणार, कारण त्या कारखान्यात माझ्या ओळखीची तू एकटीच. फोनवर विचारलं असतं, पण माझे कान तुला माहीत आहेत. यंत्र लावलं तरी फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते आणि मी आपला 'बरं बरं' म्हणत बसतो. अशानेच मागे शेजाऱ्यांना आमची शिडी कायमची देऊन टाकली.

तू इतकी वर्षं लांब, म्हणून सगळं नीट सांगतो. त्या झटक्यात मामीची उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताचं एक बोट काय ते हुकमात राहिलं. तोंडाने ती काहीतरी अस्पष्ट आवाज करते म्हणे, पण ते ऐकायला मी हा असा. जोडा शोभून दिसतो. मग आमच्या इंजिनने यातून वाट काढली. (लहानपणी घरभर भकभक करत धावायचा म्हणून इंजिन, आणि आता जहाजावर खरीखुरी इंजिनं सांभाळतो, म्हणजे नाव आम्ही विचार करूनच ठेवलं होतं असं म्हणायला हरकत नाही.) परत समुद्रावर जायच्या आधी त्याने आईसाठी संगणकात एक फोल्डर, म्हणजे वाक्यांची पेटीच, करून ठेवला. तिने एक अक्षर दाबलं की पुढचं सबंध वाक्य फोल्डर आपोआप लिहितो, एवढाल्या मोठ्या अक्षरांत. 'प' दाबलं की 'पाणी नको, चहा दे.' 'ज' दाबलं की 'जेवण छान झालं होतं.' 'म' दाबलं की 'मी मजेत आहे, काळजी करू नकोस.' आणि 'त' दाबलं की 'तू जेवलास का?' अगं, लग्नाला एवढी वर्षं झाली, जन्मभर 'अहो, तुम्ही' करणारी बाई मला म्हातारपणी अरे-तुरे करायला लागली. मला तर आवडलं. मी पण लगेच सांगायचो, जेवलो गं.

तर काल सकाळी ती 'प' दाबायला गेली आणि मधेच एक करडी खिडकी उभी राहिली. 'या फोल्डरच्या लेखकावर तुमचा विश्वास नाही का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'.

हा काय प्रश्न झाला? लेखक म्हणजे आमचा इंजिन. मला वाटलं, तूच टोमणा मारतेयस. तो आईला सोडून बोटीवर गेला म्हणून मी तुझ्यापाशी जरा कुरकुरलो होतो ना, त्यावरून. म्हटलं, माझ्या पोरावर माझा विश्वास नाही असं कसं होईल? 'हो' दाबलं तर 'हो, विश्वास नाही' असा अर्थ निघणार. म्हणून ठासून 'नाही' दाबलं. म्हणजे, नाही गं बाई, तसं काही नाही. अंग पुसायला येणारी बाई शेजारी उभी होती. ती म्हणत होती, "हो दाबा, हो म्हणजे हो, आहे की विश्वास." आमची दोघांची चांगलीच जुंपली. मामी पलंगावरून आळीपाळीने आमच्याकडे बघत होती.

पुढची खिडकी आली, 'फोल्डर बंद करण्यात आला आहे.' तेव्हापासून 'प' दाबलं की नुसता 'प' उमटतो.

तुझ्या मामीने माझ्याशी अबोला धरला आहे आणि या वेळी खरोखर माझा काही दोष नाही. तेवढं उघडून दे. बाकी खुशाली पुढच्या पत्रात, आज राग शिल्लक आहे.

तुझा मामा


१५ मार्च

मामा,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि खुर्चीतच खाली खाली सरकत गेले. ते वाक्य माझं आहे. या कंपनीत मी काय करते असं तुम्ही दर वेळी विचारता, तर हे करते. खिडक्यांत मजकूर लिहिते.

आधी मी साधं लिहिलं होतं, 'विश्वास आहे का?' आमच्या सुरक्षा विभागाचे प्रमुख म्हणाले, लोक न वाचता 'हो' दाबतात, काहीतरी असं लिहा की ते थबकतील. मग मी 'आहे'चं 'नाही' केलं. थबकले खरे. सध्या तुमच्यासारखी पत्रं ढिगाने येतायत. अर्धे लोक तुमच्यासारखं वाचतात, अर्धे त्या बाईंसारखं, आणि दोघंही बरोबर आहेत. माझ्या घरातही हेच. मी माझ्या नवऱ्याला "तू दूध आणलं नाहीस का" विचारलं की तो "हो" म्हणतो आणि दूध आहे की नाही ते मला फ्रीज उघडूनच कळतं.

तुम्ही म्हणाल, ते असू दे, उघडून दे. मामा, मला ते उघडता येत नाही. कुणालाच येत नाही. मध्ये काही लोकांच्या संगणकात असेच फोल्डर घुसले होते आणि त्यांनी लिहिलेला मजकूर त्यांच्या नकळत बदलत होते. म्हणून आता संगणकाच्या मालकाने एकदा नकार दिला की फोल्डरला सील लागतं, आणि ते फक्त लेखकाला स्वतःच्या किल्लीने काढता येतं. आमच्या प्रमुखांना मी म्हटलं, माझे मामा आहेत हो, मी ओळखते त्यांना. ते म्हणाले, प्रत्येक जण कुणाचा तरी मामाच असतो.

इंजिनला निरोप पाठवलाय. जहाजावर कधी संपर्क असतो, कधी आठवडेच्या आठवडे नसतो. ती खिडकी बदलायला मात्र मी हात धुऊन मागे लागले आहे. नवी आली की ती सगळ्यांना पुन्हा विचारेल, तुम्हालाही.

तोवर मामींना फोल्डरशिवाय लिहू द्या. हळू होईल, पण होईल.

तुमची टिचकी


२९ मार्च

टिचके,

हळू होईल म्हणालीस. अगं, गोगलगाय हिच्यापुढे पळते म्हणायची वेळ आली आहे. काना-मात्रा द्यायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात आणि तिला बोट एकच. त्यामुळे नुसती उघडीबोडकी अक्षरं उमटतात. सकाळचा बराच वेळ घेऊन एक ओळ लिहिते आणि मग माझ्याकडे असं बघते, की मी जणू परीक्षेला बसलोय.

परवा लिहिलं, 'पय दखत'. मी पुष्कळ डोकं खाजवलं. 'पय' म्हणजे पेय असणार. 'दखत' म्हणजे देखत. कुठे आहे पेय, बघतेय मी वाट, असं. लगेच चहा करून आणला. तर म्हणते कशी, 'चह नक'. हे मात्र मला कळलं, पण तोवर चहा झाला होता, मग मीच प्यालो. पूर्वी फोल्डर होता तेव्हाही ती दिवसातून चार-चारदा 'प' दाबायची, पाणी नको, चहा दे. मी आणला की तोंड फिरवायची. जात्याच हट्टी आहे, तुला माहीत आहे. तिच्या शिवणाच्या दुकानात एखादीने बाही तोकडी मागितली तरी ही तिला शोभेल तेवढीच शिवायची.

काल लिहिलं, 'मज कढ'. हे बहुतेक 'मजा कर'. आता एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर ज्या बाईला मी वळवतो, ती मला म्हणते मजा कर. मला हसू आलं तर तिने डाव्या हाताने माझ्या मनगटावर फटका मारला. फटका जोरदार होता, ते एक बरं वाटलं.

तू खिडकीत काय लिहायचं ठरवलंस? माझं ऐकशील तर सरळ लिही, 'चालेल का?' दोनच शब्द, सगळ्या जगाला कळतील. आणि लवकर कर. तुला सांगायला लाज कसली, मला तिचं बोलणं हवं आहे. संध्याकाळी आम्ही तासभर तरी बोलत बसायचो. तेच तेच असायचं, पण बोलायचो.

मामा


१० एप्रिल

मामा,

हे पत्र मिळाल्याबरोबर, पुढचं वाचायच्या आधी, मामींच्या पायातले मोजे काढून पाय बघा.

'मज कढ' म्हणजे मोजा काढा. 'पय' म्हणजे पाय. 'पय दखत', पाय दुखतो. मी कदाचित चुकतही असेन, पण मला दुसरं काही वाचताच येत नाही. तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी फोन केला. मी ओरडून ओरडून सांगत होते, सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. तुम्ही "बरं बरं, सगळं ठीक" म्हणालात आणि ठेवून दिलात. परत केला, परत तेच. तुमच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे नाही. त्या अंग पुसणाऱ्या बाईंचं नावही मला माहीत नाही. ईमेल तर तुम्ही कधी उघडतच नाही. म्हणून हे पत्र, सगळ्यात जलद टपालाने.

खिडकीचं काम चालू आहे. 'चालेल का' मी खरंच बैठकीत मांडलं. प्रमुख म्हणाले, काय चालेल ते कुठे सांगितलंय? त्यांचं बरोबर आहे. आमच्या आधीच्या वाक्यात तोच दोष होता. आम्ही माणसाला विश्वासाबद्दल विचारत होतो, आणि विश्वास असला तरी फोल्डर पुढे काय करणार आहे ते सांगतच नव्हतो. आता तेच सांगायचं ठरतंय. पण त्याला चार विभागांची मंजुरी लागते आणि चौघांनाही एकेक शब्द बदलायचा असतो.

आधी पाय बघा.

टिचकी


२१ एप्रिल

टिचके,

बघितला.

तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, अगं, पाय दुखतोय का तुझा? तिने डोळे मिटले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उजव्या पायाचा मोजा टाचेला चिकटला होता. भिजवून काढावा लागला. खाली काय होतं ते मी तुला लिहीत नाही.

ते मोजे मीच घातले होते. जाड लोकरीचे, पाय गार पडतात म्हणून. बाई अंग पुसताना काढायला गेली की मीच म्हणायचो, राहू दे गं, पायावर पाणी नको. ती बिचारी ऐकायची. डॉक्टर येऊन गेले. एका जागी टेकून टेकून पडलेली जखम आहे, जुनी आहे, आणि साखर असल्यामुळे भरायला जड जाईल म्हणाले. आता रोज एक परिचारिका येते पट्टी बदलायला. जुनी म्हणजे किती जुनी, ते मी डॉक्टरांना विचारलं नाही. मला कळलं होतं. ती दिवसातून चार-चारदा 'प' दाबत होती, टिचके. पाय लिहायला. पहिलं अक्षर दाबलं की फोल्डर पुढे पळायचा, पाणी नको, चहा दे. आणि मी उठून चहा करायचो.

आणखी एक सांगतो. काल तिने लिहिलं, 'तमह झप'. तुझ्या रीतीने काना-मात्रा देऊन वाचलं. 'तुम्ही झोपा.' दुपारी मी खुर्चीत पेंगत होतो. तुम्ही. म्हणजे ते अरे-तुरे माझ्यासाठी नव्हतंच. 'तू जेवलास का' हे ती मला कशाला विचारेल? मी आपला खुळ्यासारखा जेवलो गं, जेवलो गं करत होतो. घरात माझ्याशी कुणी बोलतच नव्हतं.

एवढं सगळं कळूनही मी जे मागणार आहे त्यावर तू हसू नकोस. मला तो फोल्डर परत हवा आहे. ती थकत चालली आहे. बोट थरथरतं. हल्ली दोन शब्द झाले की हात पांघरुणात घेते. फोल्डर होता तेव्हा खोटं का होईना, पडद्यावर काहीतरी उमटायचं आणि तिचा चेहरा माझ्याकडे वळलेला असायचा. बहिऱ्याला घर शांत वाटतं असं मी कधी ऐकलं नव्हतं, पण वाटतं. दोन्ही ठेवता येणार नाही का? पायाचं ती स्वतः लिहील आणि बाकीचं फोल्डर लिहील?

मामा


२० मे

मामा,

उशीर झाला. इंजिनच्या निरोपाची वाट बघत होते.

त्याला सगळं कळवलं. तो फार कोलमडलाय. चहाचं ते एक वाक्य त्याने घरातलं आठवून घातलं, बाकीची वाक्यं त्याने मनाने लिहिली नव्हती. तो जहाजावर असताना मामी त्याला फोनवर बोलून निरोप पाठवायच्या. ते सगळे निरोप त्याने जपून ठेवले होते, आणि आईचं बोलणं आईच्याच शब्दांत परत मिळावं म्हणून त्यातूनच फोल्डर तयार केला. त्याने लिहिलंय, "आई मला कधीच काही दुखतंय म्हणाली नाही. मग फोल्डरला ते कुठून माहीत असणार?" मीही माझ्या आईला फोनवर मजेत आहे म्हणूनच सांगते.

सुटी मिळायला त्याला अजून पुढचं बंदर यावं लागेल. जहाज मधेच थांबवता येत नाही. पण किल्ली त्याने पाठवली आहे. म्हणजे तुम्ही होकार दिलात की फोल्डर उघडेल. दोन्ही ठेवता येईल का, तर नाही. ती सोय करायला त्याला संगणकासमोर बसावं लागेल आणि ते तो आल्यावरच. सध्या एक तर फोल्डर लिहील, नाहीतर मामी.

आमची खिडकी अखेर मंजूर झाली. हे पत्र पोचेपर्यंत तुमच्याकडे आलीही असेल. त्यात असं लिहिलेलं असेल: 'हा फोल्डर तुम्ही लिहिलेले शब्द बदलू शकतो. बदलू द्यायचे का?' खाली 'बदलू द्या' आणि 'बदलू देऊ नका'. त्याखाली बारीक अक्षरांत, 'नको म्हटल्यास फोल्डर या संगणकातून पुसला जाईल.' आमच्याकडे सगळे खूश आहेत. चुकीची बटणं दाबणं जवळजवळ थांबलंय. प्रमुखांनी मला चहा मागवला, आणि मी तो तसाच ठेवून उठले.

काय दाबा ते मी सांगणार नाही, मामा. मला फक्त एवढंच वाटतं की शब्द मामींचे आहेत, तर बटण त्यांनी दाबावं. त्यांना नीट वाचू द्या. घाई करू नका.

टिचकी


९ जून

टिचके,

तुझी खिडकी आली. चांगली लिहिली आहेस. मला एका वाचनात कळली, आणि ज्या अर्थी मला कळली त्या अर्थी तुमचे प्रमुख उगाच खूश नाहीत.

मामीला उशांना टेकवून बसवलं, चष्मा लावला. तिने बराच वेळ वाचलं. मी तिला सांगितलं की हे आपल्या इंजिनचं आहे, त्याने किल्ली पाठवली आहे, तो आला की पाहिजे तसं करून देईल, तोवर असू दे. खरं सांगायचं तर मी तिला गळ घातली. तुझं घाई करू नका मी पाळलं, गळ घालू नका असं तू लिहिलं नव्हतंस. तिने बोट उचललं. थरथरत होतं म्हणून मी खालून हाताचा आधार दिला. बोट जिकडे जाईल तिकडे जाऊ दिलं, शप्पथ. ते 'बदलू देऊ नका'वर गेलं. तिथे टेकलं आणि दाबलं.

या वेळी बाईशी माझं भांडण झालं नाही. भांडायला काही जागाच नव्हती. फोल्डर गेला. त्या दिवशी मी तिच्यावर रागावलो, मग माझ्यावर रागावलो, मग इंजिनला पत्र लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं.

आता खिडकी नाही, फोल्डर नाही, मधे कुणीच नाही. ती लिहिते ते तिचंच असतं. मी समोर बसून काना-मात्रा देत वाचतो, हल्ली बरं जमायला लागलंय. 'खडक लव', खिडकी लावा. 'उश वर', उशी वर. मी चटकन उठून करतो.

आज सकाळी परिचारिका पट्टी बदलत होती. ती एरवी मोठ्याने बोलते, माझ्यासाठी. आज हळू बोलली, डॉक्टरांशी, फोनवर, मला पाठ करून. मी तिच्या खांद्यावरून टाच पाहिली. जखम मागच्या आठवड्यापेक्षा खोल गेली आहे. कडा काळ्या पडल्या आहेत. डॉक्टर उद्या येऊन पायाचं काय करायचं ते ठरवणार आहेत. मामी माझ्या तोंडाकडे बघत होती. माझं तोंड कसं झालं होतं ते मला माहीत नाही, मला ते सावरायला हवं होतं.

परिचारिका गेल्यावर तिने हात पांघरुणातून बाहेर काढला. एकेका अक्षराला थांबत होती. मला वाटलं पाणी मागत असेल. मी कीबोर्ड धरून उभा होतो. लिहून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पडद्याकडे.

'दखत नह'.

मी पुन्हा पुन्हा वाचलं. काना-मात्रा कशाही दिल्या तरी दुसरं काही होत नाही. दुखत नाही. आणि या वेळी हे फोल्डरने लिहिलेलं नाही, टिचके, तिने लिहिलं आहे, इतका वेळ घेऊन, त्या बोटाने, मला.

मी बरं म्हणालो. तिला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने म्हणालो, आणि तिच्यासमोरच बसून राहिलो.

मामा